गिरणीत मिसळलेलं लोह आणि कणसात भरलेलं लोह

रेशनचा तांदूळ सुपात घेतला की काही दाणे वेगळे दिसतात. जरा जास्त पांढरे, चमक नसलेले, एकसारख्या आकाराचे. पाण्यात टाकले की त्यातले काही वर तरंगतात. आमच्या नात्यातल्या एक मावशी ते दाणे एकेक करून वेचून अंगणात टाकत होत्या. "प्लॅस्टिक आहे हे. पोरांच्या पोटात नको जायला." त्याच घरात भिंतीला टेकून बाजरीचं पोतं उभं होतं, धनशक्ती वाणाची बाजरी. त्याबद्दल काका म्हणाले, "यातपण लोह घातलंय म्हणतात. कंपनीनं काहीतरी औषध चोळलं असणार बियाण्याला."

दोघांचाही समज चुकीचा होता आणि दोघांच्या चुकीचं मूळ एकच होतं: लोह धान्यात कसं येतं, हे ठाऊक नसणं. तांदळात लोह बाहेरून घातलेलं आहे, पण ते दाणे प्लॅस्टिकचे नाहीत. बाजरीत लोह कुणीच घातलेलं नाही, ते झाडानं स्वतः जमिनीतून उचललेलं आहे. पहिल्या प्रकाराला फोर्टिफाइड म्हणतात, सरकारी कागदांत गुणसंवर्धित. दुसऱ्याला बायोफोर्टिफाइड, शेतीच्या लिखाणात जैवसंपृक्त. नावं सख्ख्या भावांसारखी, दोन्हीकडे लोहाचीच जाहिरात, त्यामुळे घोटाळा होणारच. पण लोह धान्यात नेमकं कुठे शिरतं, गिरणीत की शेतात, यावर पुढचं सगळं ठरतं: ते कुणापर्यंत पोचणार, ओळखायचं कसं आणि बिघाड झाला तर कुठे होणार.

आधी तांदूळ. तांदूळ सडला की कोंड्याबरोबर त्यातलं बरंचसं लोह निघून जातं. पांढऱ्या तांदळात किलोमागे साधारण सहा-सात मिलिग्रॅम उरतं. ते भरून काढण्यासाठी तुकडा तांदळाचं पीठ करतात, त्यात लोहाचं एक क्षारसंयुग (फेरिक पायरोफॉस्फेट), फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळतात, पाणी घालून मळतात आणि यंत्राच्या साच्यातून तांदळाच्या आकाराचे दाणे पाडून वाळवतात. शेवया पाडतो तसंच, फक्त आकार वेगळा. हे तयार दाणे मग साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळतात. म्हणजे किलोभर तांदळात दहा ग्रॅम. मावशी वेचून टाकत होत्या ते नेमके हेच दाणे. पोषणासाठी म्हणून जे घातलं, तेवढंच अंगणात जात होतं.

अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा मिसळलेल्या तांदळात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असायला हवं. पिशवीवर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि इंग्रजी एफ अक्षर असतं. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जाहीर केलं की २०२४ पर्यंत सरकारी योजनांमधला सगळा तांदूळ असा असेल. त्याआधी काही जिल्ह्यांत प्रायोगिक वाटप झालं, त्यात आपला गडचिरोली होता.

ही कल्पना नवी नाही. मिठात आयोडीन घालणं हेही फोर्टिफिकेशनच. १९५६ मध्ये हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा अभ्यास सुरू केला. गलगंडाचं प्रमाण खाली आलेलं दिसलं आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. मिठाला कुणी प्लॅस्टिक म्हणत नाही, कारण आयोडीन डोळ्यांना दिसत नाही. तांदळाचं दुर्दैव असं की त्यातला मिसळलेला दाणा दिसतो, आणि तो का आहे हे दुकानात फार कुणी सांगत नाही. माझ्या मते या योजनेची सगळ्यात मोठी उणीव हीच राहिली. दाणा पोचला, त्याबद्दलची माहिती पोचली नाही.

आता बाजरी. इथे गोष्ट लांबून सुरू होते, पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातून. तिथली इनियादी नावाची बाजरी लवकर पिकणारी आणि टपोऱ्या दाण्याची. हैदराबादजवळ पटनचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं त्यातून निवड करून आयसीटीपी ८२०३ हा वाण तयार केला. १९८८ मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला आणि शेतकऱ्यांनी तो उचलला, कारण अडीच महिन्यांत पीक हाती येतं आणि दाणा ठसठशीत. लोहाचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढे जेव्हा वेगवेगळ्या वाणांचं लोह मोजायला सुरुवात झाली, तेव्हा हा जुना, ओळखीचा वाण वरच्या रांगेत निघाला.

त्यापुढचं काम मला फार सुंदर वाटतं. बाजरीत परपरागीभवन होतं, म्हणजे एका कणसाचा पराग दुसऱ्यावर जातो. त्यामुळे एकाच वाणाच्या शेतातही प्रत्येक झाड थोडं वेगळं असतं, एकाच आईची लेकरं वेगळी असतात तसं. संशोधकांनी त्याच वाणातली जास्त लोहाची कुळं निवडली, त्यांच्यात आपसात परागीभवन होऊ दिलं आणि त्यातून धनशक्ती आली. इक्रिसॅट आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या या वाणाला २०१२ मध्ये महाराष्ट्रात मान्यता मिळाली. त्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह आहे, एरवीच्या प्रचलित वाणांत ते ४५-५० च्या आसपास असतं. बियाण्याला काही चोळलेलं नाही, जनुक बाहेरून आणून घातलेलं नाही. आपली आजी पुढच्या वर्षीच्या बियाण्यासाठी चांगली कणसं बाजूला काढून ठेवायची, तेच काम इथे प्रयोगशाळेच्या मापानं झालं. जनुक बदललेलं पीक आणि जैवसंपृक्त पीक यांतही लोक घोळ करतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगर इथल्या केंद्रानं एएचबी १२०० हा जास्त लोहाचा संकरित वाण दिला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ हा बन्सी गहू आणि सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचं सोलापूर लाल डाळिंब हीही याच घरातली भावंडं. आणखी एक पाऊल फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. २०१८ पासून देशात बाजरीचा कोणताही नवा वाण प्रसारित होण्यासाठी किलोमागे किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असण्याची अट घातली गेली. उत्पादनाइतकंच पोषणही वाणाच्या परीक्षेत मोजायचं, हा निर्णय मला मोठा वाटतो.

धान्यात लोह जास्त असणं आणि ते रक्तात उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नगर जिल्ह्यातल्या वसतिगृहांत झालेला प्रयोग महत्त्वाचा ठरतो. १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दोन्ही वेळच्या जेवणात बाजरीची भाकरी दिली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं गट पाडले होते. काहींना किलोमागे ८६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असलेली बाजरी, बाकीच्यांना साधी. ज्या मुलांच्या शरीरात सुरुवातीला लोह कमी होतं, त्यांच्यात ही कमतरता भरून निघण्याची शक्यता जास्त लोहाच्या बाजरीनं १.६ पट झाली. हे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हिमोग्लोबिनमध्ये मात्र दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, आणि हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. साठा भरला, पण भाकरी हे अशक्तपणावरचं झटपट औषध नाही.

आता दोन्हींचा हिशेब एकाच ताटात मांडून पाहू. दिवसाला दीडशे ग्रॅम गुणसंवर्धित तांदूळ खाल्ला तर त्यातून चार ते साडेसहा मिलिग्रॅम लोह मिळतं. तेवढ्याच धनशक्तीच्या पिठातून साडेदहाच्या थोडं वर. आणि साध्या बाजरीतून? सातच्या आसपास. म्हणजे कुठलीही प्रक्रिया न केलेली आपली रोजची बाजरीसुद्धा गुणसंवर्धित तांदळाला मागे टाकते. प्रौढ स्त्रीसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस दिवसाला २९ मिलिग्रॅमची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. भाकरीची जागा आपण ज्या वेगानं पांढऱ्या तांदळाला दिली, त्याचाही विचार या आकड्यांबरोबर व्हायला हवा.

पण बाजरीला आपला अडथळा आहे. तिच्यातली फायटेट आणि पॉलिफेनॉल ही द्रव्यं लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे पोटात गेलेल्या लोहाचा लहानसा भागच शरीराला लागतो. तांदळात घातलेलं संयुगही सहज शोषलं जाणारं नाही. ते निवडलं कारण त्यानं दाण्याचा रंग आणि चव फारशी बदलत नाही. दोन्हीकडे उपाय तोच: ताटात लिंबाची फोड, आवळा, कच्ची कोशिंबीर, आणि जेवणाला लागून चहा नको.

एका बाबतीत मात्र बियाणं कधीच तांदळाची बरोबरी करू शकत नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पती तयारच करत नाहीत. कितीही पिढ्या निवड केली तरी बाजरीच्या कणसात ते येणार नाही. दूध-अंडी-मांस ज्यांच्या ताटात क्वचित येतं, त्यांच्यासाठी ते बाहेरूनच घालावं लागेल.

कुणापर्यंत काय पोचतं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. सरकार धान घेतं, गिरणीतून भरडून घेतं आणि मग वाटतं. सगळा तांदूळ एका दारातून जातो, म्हणून त्या दारात काही मिसळता येतं. बाजरीचं तसं नाही. ती खळ्यावरून कणगीत आणि कणगीतून डब्यानं गावच्या गिरणीत जाते. पीठही लागेल तेवढंच दळतात, कारण बाजरीचं पीठ काही दिवसांतच कडू पडतं. अशा पिठात कोण, कुठे, काय मिसळणार? तिथे बियाण्यातूनच जावं लागतं. उलट, मुंबईच्या वस्तीत राहणाऱ्या, शेत नसलेल्या कुटुंबाला धनशक्तीचा काही उपयोग नाही. त्यांच्यापर्यंत रेशनची पिशवीच पोचते.

बिघडण्याच्या जागाही वेगळ्या. तांदळात प्रत्येक पोत्यात प्रमाण बरोबर हवं, मिश्रण सारखं हवं, आणि लांबच्या साठवणीत, उष्णतेत नि दमटपणात जीवनसत्त्वं कमी होत जातात. म्हणजे दरवर्षी खर्च आणि दरवर्षी तपासणी. बियाणं एकदा शेतात गेलं की वेगळा खर्च नाही, पण दाणा पाहून काहीच ओळखता येत नाही. बाजार समितीत धनशक्ती आणि साधी बाजरी एकाच ढिगात जाते, भाव एकच. इतक्या वर्षांची निवड त्या ढिगात हरवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जिथे ही बाजरी पिकते तिथल्या अंगणवाड्यांसाठी तरी ती वेगळी विकत घेतली जावी.

सुरक्षेचा एक प्रश्न फक्त तांदळाबाबत पुढे आला. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या शरीरात लोह आधीच साठत असतं, म्हणून २०१८ च्या नियमांत अशा पिशव्यांवर त्यांच्यासाठी वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक होती. पुढे हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, तज्ज्ञांनी पुन्हा आढावा घेतला आणि २०२४ मध्ये ती सूचना काढली गेली. त्यामागचं गणित असं की या रुग्णांना वारंवार रक्त द्यावं लागतं आणि रक्ताच्या एका पिशवीतून दोनशे मिलिग्रॅमहून जास्त लोह शरीरात जातं, तांदळातून शोषलं जाणारं त्यापुढे अगदी थोडं. तरीही घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना रेशनच्या तांदळाबद्दल जरूर विचारावं. गडचिरोलीसारख्या, सिकलसेल जास्त असलेल्या भागात ही माहिती दुकानातच मिळायला हवी होती.

मावशींनी वेचलेले मूठभर दाणे आम्ही वाटीत वेगळे शिजवले. चिमटीत दाबले तर भाताच्या शितासारखे मऊ, पिठाळ झाले. एक कोरडा दाणा चिमट्यानं विस्तवावर धरला. तो वितळला नाही, काळा पडून जळला आणि वास करपलेल्या भाताचा आला. तेव्हापासून त्या वेचत नाहीत. तांदूळ धुताना तरंगणारे दाणे पाण्याबरोबर ओतून देत नाहीत, आणि भात वेळण्याऐवजी बेताच्या पाण्यात शिजवतात.

काकांचा प्रश्न वेगळा होता. हे बी घरचं धरता येईल का? धनशक्ती संकरित नाही, त्यामुळे येईल. पण शेजारच्या बाजरीचा पराग वाऱ्यानं येतो, म्हणून कणसं बांधालगतची न घेता शेताच्या मधल्या भागातली घ्यायची आणि दोन-तीन वर्षांनी बियाणं नव्यानं आणायचं. एएचबी १२०० चं मात्र दरवर्षी विकत घ्यावं लागेल. काकांनी विळा उचलला आणि शेताच्या मध्यावरून कणसं निवडायला गेले.