एकाच तळ्याकाठचे दोन हिवाळे

वटवाघूळ म्हणजे पंख फुटलेला उंदीर, ही समजूत आपल्याकडे शिकल्यासवरलेल्यांमध्येही घट्ट रुजलेली आहे. उंदराच्या कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या, गणातला प्राणी खरे तर ओढ्यांवर बांध घालून पाण्यात राहणारा बीव्हर आहे, आणि वंशावळीने पाहिले तर तो वटवाघळापेक्षा माणसाला जवळचा आहे. वटवाघळाचे सगेसोयरे घोडा, गाय, कुत्रा यांच्या बाजूला सापडतात. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बीव्हरने बांध घालून अडवलेल्या पाण्यातून जे कीटक निपजतात, त्यांवर ‘छोटे तपकिरी वटवाघूळ’ ही तिथली जात उन्हाळाभर ताव मारते.

वीसेक किलोंचा बीव्हर हिवाळाभर जागा असतो. बर्फ पडण्यापूर्वी तोडलेल्या फांद्या तो घराजवळ पाण्यात साठवतो आणि तळे गोठल्यावर पाण्याखालच्या दारातून जाऊन त्या आणतो व साल खातो.

वटवाघळाचे वजन जेमतेम १० ग्रॅम, आणि थंडीत कीटक नसतात. म्हणून गुहेत किंवा जुन्या खाणीत ते शीतनिद्रा घेते. अंगाचे तापमान जवळजवळ गुहेइतके उतरते. तरीही दर दोन-तीन आठवड्यांनी ते जागे होते, आणि साठवलेल्या चरबीचा बहुतांश भाग या थोड्या तासांच्या जागरणांतच जळतो. ऊब मिळते ती मुख्यतः खांद्यांमधील तपकिरी चरबीतून. एरवी पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) प्रोटॉन आतल्या पटलापलीकडे ढकलतात आणि ते ठरावीक मार्गाने परतताना एटीपी, म्हणजे पेशीला वापरता येणाऱ्या ऊर्जेचा रेणू, तयार होते; तपकिरी चरबीत मात्र यूसीपी-१ हे प्रथिन पटलात आडवाट उघडते, त्यामुळे धरणाचे पाणी टर्बाइन टाळून सांडव्यातून सोडावे तसे प्रोटॉन एटीपी न घडवताच परततात आणि ती ऊर्जा उष्णता होते. (बर्फाच्या पाण्यात बसून ‘तपकिरी चरबी जागवा, वजन घटवा’ असे सांगणाऱ्यांनी, प्रौढ माणसात ती फार थोडी असते, एवढे तरी सांगावे.)

२००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत प्रथम दिसलेल्या बुरशीने नेमका हा हिशोब बिघडवला. ती सुमारे २० अंशांपलीकडे वाढत नाही, त्यामुळे थंड पडलेले अंग तिला मानवते. नाकावर आणि पंखांवर ती पसरली की वटवाघळे वारंवार जागी होतात; चरबी वसंतापूर्वीच संपून ती लाखोंनी मेली. कातडीच्या व्यापाराने संपत आलेला बीव्हर संरक्षण मिळताच सावरला, कारण त्याच्या मादीला एका वेळी तीन-चार पिल्ले होतात. या वटवाघळाच्या मादीला वर्षाला एकच होते.