सत्ताविभाजन (अमेरिकेचे संघशासन)

अमेरिकेच्या संघशासनाची सत्ता काँग्रेस (प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही दोन सभागृहे असलेले कायदेमंडळ), राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालये या तीन शाखांत विभागणारी घटनात्मक व्यवस्था. १७८७ साली फिलाडेल्फियात तयार झालेल्या घटनेच्या पहिल्या तीन अनुच्छेदांत अनुक्रमे या शाखांचे अधिकार सांगितले आहेत. एकीने कायदा करायचा, दुसरीने अमलात आणायचा, तिसरीने त्याचा अर्थ लावायचा, अशी ही विभागणी सहसा शिकवली जाते. पण तेवढ्यावर थांबले तर व्यवस्थेचा गाभाच हातून निसटतो. घटनाकारांनी सत्ता नुसती वाटली नाही, ती एकमेकींत गुंतवली.

कायदा होण्याची रीतच पाहा. प्रतिनिधिगृह (४३५ सभासद, मुदत दोन वर्षे) आणि सिनेट (प्रत्येक राज्याचे दोन याप्रमाणे १०० सभासद, मुदत सहा वर्षे) यांनी एकच मसुदा मंजूर केला की विधेयक अध्यक्षांकडे जाते. अध्यक्ष सही करतात किंवा रविवार वगळून दहा दिवसांत हरकतींसह ते परत पाठवतात. हा नकाराधिकारही अंतिम नाही. दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते मिळाली तर सहीवाचून कायदा होतो. अध्यक्षांच्या युद्धाधिकारावर मर्यादा घालणारा १९७३ चा ठराव असाच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून संमत झाला. अध्यक्ष सरसेनापती असले तरी युद्ध पुकारण्याचा आणि खर्च मंजूर करण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे.

या गुंतवणुकीची खरी कसोटी १९५२ साली लागली. कोरियन युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप तोंडावर आला. युद्धसामग्री थांबेल या भीतीने राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी आदेश काढून पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. काँग्रेसने तसा अधिकार देणारा कायदा केलेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश रद्द केला आणि ट्रूमन यांनी कारखाने परत केले. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात मांडलेली कसोटी आजही वापरली जाते : काँग्रेस पाठीशी असेल तेव्हा अध्यक्षांची सत्ता सर्वाधिक, काँग्रेस गप्प असेल तेव्हा संदिग्ध आणि तिच्या इच्छेविरुद्ध वागताना सर्वांत क्षीण.

कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार घटनेत स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ मध्ये ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ खटल्यात तो प्रस्थापित केला. न्यायालयाकडे सैन्य नाही, तिजोरीही नाही. निकाल इतर शाखांनी पाळावे लागतात, म्हणून ट्रूमन यांची माघार महत्त्वाची ठरते. न्यायाधीशांची नेमणूक अध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात. ती तहहयात असते आणि पदावर असेपर्यंत त्यांचे वेतन कमी करता येत नाही.

महाभियोगाचा आरोप प्रतिनिधिगृह साध्या बहुमताने ठेवते आणि खटला सिनेट चालवते. दोषी ठरवायला तेथे दोन तृतीयांश मते लागतात. १८६८ साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन अवघ्या एका मताने वाचले. सिनेटने आजवर एकाही अध्यक्षाला दोषी ठरवलेले नाही.