कोल्हापूरचा दागिन्यांचा होलसेल धंदा

कोल्हापुरात दागिन्यांचं होलसेल म्हटलं की दोन ठिकाणं, एक अंबाबाईच्या देवळाजवळची गुजरी आणि दुसरं हातकणंगले तालुक्यातलं हुपरी. गुजरीत सोनं, हुपरीत चांदी, अशी ढोबळ वाटणी. साज, ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ असला पारंपरिक माल गुजरीत मिळतो आणि इथूनच बाहेरगावच्या सराफांकडेही जातो. पैंजणांचं नाव मात्र हुपरीचं, सोबत रेंदाळ, पट्टणकोडोली ही आजूबाजूची गावंही त्याच धंद्यात.

हुपरीत एक पैंजण एका माणसाच्या हातून पुरा होत नाही. आटणीवाला चांदी वितळवून देतो, मग तार, कडी, जोडणी, डाग (म्हणजे सांधा पक्का करणं), घुंगरू, पॉलिश, प्रत्येकाचं घर वेगळं, आणि कड्या जोडायचं, घुंगरू लावायचं काम कितीतरी घरांत बायका स्वयंपाकपाणी आवरून करतात. गावाचा खरा कारखाना हाच आहे, पण होलसेलच्या हिशेबात त्यांची मजुरी शेवटच्या रकान्यात येते, हे बरोबर नाही.

आता कमाई कशी होते ते बघू, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं चांदीचा भाव वाढला की व्यापाऱ्याची चांदीच चांदी. तसं नसतंय. बराचसा व्यवहार रुपयात नाही, धातूत होतो. टंच म्हणजे शेकडा शुद्धता. समजा १ किलो पैंजण ६० टंचाचे आहेत, म्हणजे त्यात ६०० ग्रॅम शुद्ध चांदी. व्यापारी तो माल दुकानदाराला ६४ ने लावतो, म्हणजे दुकानदाराने ६४० ग्रॅम फाइन (शुद्ध) चांदी परत द्यायची. मधल्या ४० ग्रॅममध्ये घट, आटणी, सगळ्यांची मजुरी, फिरतीचा खर्च आणि उरलं तर नफा. शेजारच्याने तोच माल ६३.५ ने लावला की गिऱ्हाईक तिकडे, अर्ध्या टंचावर वर्षानुवर्षांची ओळख तुटते.

उधारीत तर धंद्याचा जीव अडकलेला असतो. दुकानदाराने पैंजण रोखीने विकले, पण त्या पैशाची चांदी लगेच घेऊन ठेवली नाही आणि भाव चढला, तर देणं ग्रॅममध्ये तेवढंच राहतं आणि रुपयात फुगत जातं. २०२५ च्या सुरुवातीला किलोला ९० हजारांच्या आसपास असलेली चांदी त्याच वर्षी डिसेंबरात २ लाखांच्या पुढे गेली, अशा वेळी वसुली थांबते, व्यापाऱ्याचं भांडवल बाहेर अडकतं, आणि नवीन चांदी नाही म्हणून कारागिराच्या घरातलं काम थांबतं. कागदावर उलाढाल दुप्पट दिसते, पण वजनात माल कमीच गेलेला असतो. म्हणून हुपरीचा धंदा कसा चाललाय हे किलोत विचारावं, रुपयात नाही.

स्पर्धा बाहेरूनही आहे. आग्रा, सेलम, राजकोट इथलाही चांदीचा माल त्याच दुकानांत पोचतो, मशीनवर बनलेला असेल तर मजुरी कमी पडते. सोन्यात वेगळी लढाई आहे, तिथे ब्रँडेड शोरूम थेट गिऱ्हाईक ओढतात आणि होलसेलवाल्याचा छोटा सराफ रिकामा बसतो, मग होलसेलवाला पण बसतो. साज आणि ठुशीला अजून हातकाम लागतं, गुजरीत हे काम करणारे बंगाली कारागीरही बरेच आहेत, आणि साजाची ती बारीक पानं चांगल्या हातची असली तर गिऱ्हाईक बाहेर जात नाही.

दागिन्यांशी ताडून बघितलं तर घड्याळांच्या होलसेलचं गणित पूर्ण उलटं. एमआरपी कंपनी ठरवते, व्यापाऱ्याच्या हातात फक्त सूट आणि उधारीचे दिवस. न खपलेला दागिना आटवून परत चांदी करता येते, बुडते ती मजुरी, पण जुनं मॉडेल पडून राहिलं की पडूनच राहिलं. १९६१ साली सुरू झालेलं एचएमटीचं घड्याळ २०१६ ला बंद पडलं, आणि टायटनने मात्र १९९४ ला तनिष्क काढून घड्याळावरून दागिन्यांत उडी मारली, आज त्या कंपनीची मोठी कमाई दागिन्यांचीच आहे.

हॉलमार्कचा, म्हणजे शुद्धतेच्या शिक्क्याचा, विषय हुपरीसाठी नाजूक आहे. सोन्याला १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या अंक-अक्षरं मिळून सहा खुणांच्या वेगळ्या ओळख क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी आलं पण ते ऐच्छिक आहे, आणि सगळ्यात खालची श्रेणी ८०० ची, म्हणजे ८० टंच. ६० टंचाचे पैंजण त्या श्रेणीत बसतच नाहीत. हलका माल गरीब घरात परवडतो, तो बंद करा असं कुणी म्हणणार नाही, पण बिलावर टंच लिहिलाच पाहिजे, नाहीतर ६० चा माल ७० म्हणून विकणारा आणि सरळ धंदा करणारा गिऱ्हाइकाला सारखाच दिसतो आणि मोडीला गेल्यावर फसलेली बाई दोघांनाही तेच नाव ठेवते.