मिठागराचं मीठ आणि आयोडीनचं मीठ

शिरोड्याच्या मिठागरातलं खडेमीठ कोकणात कोणाला दाखवायला नको. करडं, जाड, पावसाळ्यात बरणीत पाणी सोडणारं. पाकिटातलं पांढरं, बारीक, सुटं. रंगरूपाचा हा फरक थायरॉइडच्या, म्हणजे आयोडीनवर चालणाऱ्या गळ्यातल्या ग्रंथीच्या, लेखी काहीच नाही.

घोटाळा पुढे आहे. 'समुद्राचं मीठ, म्हणजे आयोडीन असणारच,' हे वाक्य ऐकून कान किटले. एक लिटर समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण 35 ग्रॅम, आयोडीन 50-60 मायक्रोग्रॅम. ते सगळंच्या सगळं खड्यांत उतरलं असं धरलं, तरी 10 ग्रॅम मिठात जेमतेम 17 मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात तेवढंही नाही. मीठ धरल्यावर वाफ्यात जे कडवट पाणी उरतं, त्यात बरंचसं राहून जातं. मोठ्या माणसाला रोज 150 लागतं, गरोदर बाईला 250. पाकिटातल्या मिठात पोटॅशियम आयोडेट मुद्दाम मिसळलेलं असतं आणि घरात येईपर्यंत ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन टिकावं, असा नियम आहे. 5 ग्रॅम मिठात 75 झालं. बाकीचं मासळी, दूध, अंडी भागवतात.

मासळीत आयोडीन असतं, कबूल. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद, मागोमाग श्रावण. तेव्हा काय? महागडं गुलाबी सैंधवही इथे कामाचं नाही. पाकिटावर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं नसेल, तर आयोडीनपुरतं ते खडेमिठाचंच भावंड.

पाकिटातलं मीठ ओलावलं की तव्यावर परतून घेणं सोडा. ओल आणि आच, दोन्हींनी आयोडीन घटतं. घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, चुलीपासून लांब, आणि आमटीत मीठ उतरवताना. खडेमीठ लोणच्याला आणि मासे खारवायला ठेवा, तिथे तेच बरं.

आणि आयोडीनचं मीठ म्हणजे औषध नव्हे. आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटल्यामुळे थायरॉइड मंदावला असेल, तर चमचाभर जास्त मीठ खाऊन गोळी सुटत नाही, उलट रक्तदाब मात्र वाढतो. त्याहून वाईट म्हणजे 'हर्बल' म्हणून विकली जाणारी समुद्रशेवाळाची पावडर. शेवाळ पाण्यातलं आयोडीन ओढून साठवतं, त्यामुळे एका चमच्यात दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट असू शकतं. तेवढ्याने ग्रंथी मंदावते किंवा भडकते, दोन्ही होतं. गोळी चालू असेल, तर ही पावडर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडूही नका.