त्वचेचे स्वप्रतिरक्षी विकार व श्रवणदोष : उपचार

कोड, सोरायसिस, ल्युपस या विकारांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते आणि काही रुग्णांना त्यासोबत कमी ऐकू येऊ लागते. यावर सरसकट एक औषध नाही. बिघाड कानाच्या कोणत्या भागात आहे आणि तो किती झपाट्याने आला, हे पाहून उपचार ठरतो.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी नष्ट होतात. त्याच जातीच्या पेशी अंतर्कर्णातील कॉक्लियातही (ऐकण्याच्या शंखाकार भागातही) असतात. तिथे त्या रंगासाठी नसतात. ऐकण्यासाठी लागणारा सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब टिकवायला त्या मदत करतात. या रुग्णांत बहुधा उच्च कंप्रतेचे, म्हणजे बारीक, आवाज आधी हरवतात. बोलणे कानावर पडते, पण 'स' आणि 'फ' निसटतात. नागपुरात उन्हाळाभर घरोघरी कूलर घरघरत असतो, तेव्हा "कूलर बंद कर, मग बोल" यात हा दोष छान लपतो. पावसाळा लागून कूलर बंद झाल्यावरही समोरच्याला दोनदा विचारावे लागत असेल, तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी. नागपुरातील मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग व कान-नाक-घसा असे दोन्ही विभाग आहेत. अडचण एवढीच, की त्वचेच्या ओपीडीत कानाची गोष्ट रुग्ण स्वतःहून काढत नाही.

७२ तासांच्या आत सलग तीन कंप्रतांवर ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक घट झाली, तर ती तातडीची बाब होय. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड वजनाच्या दर किलोमागे १ मिग्रॅ., दिवसाला कमाल ६० मिग्रॅ., असे देतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावे लागते. कानात मळ असेल म्हणून तेल घालत बसण्यात नेमके हेच दिवस जातात. मधुमेह असल्यास कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडचे इंजेक्शन हा पर्याय असतो. सोरायसिसवर चालणारे मेथोट्रेक्सेट इथेही उपयोगी पडेल अशी आशा होती. स्टेरॉइडने परत आलेले ऐकणे ते टिकवत नाही, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. व्होग्ट-कोयानागी-हराडा विकारात डोळे व कान आधी बिघडतात आणि पांढरे डाग मागून येतात. त्यात लवकर दिलेल्या स्टेरॉइडने ऐकणे बरेचदा सुधारते.

सोरायसिसमध्ये कधी दोष अंतर्कर्णात नसतोच. पापुद्रे साचून कानाची वाट बुजलेली असते. डॉक्टरांनी ते काढले की ऐकू येते. किल्लीने किंवा पिनने कोरू नये, कारण जखमेच्या जागी नवा चट्टा उठतो.

हळूहळू गेलेले ऐकणे औषधाने परतत नाही. तिथे श्रवणयंत्र, आणि दोष फार तीव्र असल्यास कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवायचे उपकरण). यंत्राचा कानात बसणारा साचा घासूनही कोडाचा किंवा सोरायसिसचा डाग उमटू शकतो, म्हणून मऊ सिलिकॉनचा, हवा खेळती ठेवणारा साचा मागावा. नवतपाच्या, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, घामात यंत्र लवकर बिघडते. रात्री ते सिलिका जेलच्या डबीत ठेवावे.