दोन नर गिनी पिग एकत्र राहत नाहीत? राहतात की!

'दोन नर एकत्र ठेवले की एक दुसऱ्याला मारून टाकतो, त्यापेक्षा एकटा आणा नाहीतर नर-मादी आणा', कोल्हापुरात जोडी आणायची म्हटलं की हे हमखास ऐकायला मिळतं. नर भांडतात हे खरंय, त्यामुळे भीती वाटणं साहजिक आहे, पण कधी भांडतात ते बघा, जागा अपुरी असली, खायचं भांडं आणि लपायचं घर एकच असलं किंवा जवळपास मादी असली की. म्हणून मादी नकोच, जागा किमान 10 चौरस फूट आणि सगळं दोन-दोन ठेवा, घराला तर दोन दारं पाहिजेतच, नाहीतर एक आत कोंडला जातो. एकटा ठेवू नका प्लीज, कळपातला प्राणी आहे तो. आणि नर-मादीला साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात, मादी लगेच परत गाभण राहू शकते.

घरी आणल्यावर स्वतःच बघा. गुरगुरत डुलत चालणं, पाठलाग, अंगावर चढणं म्हणजे मोठा कोण ते ठरतंय, मध्ये पडू नका. दात सारखे कटकट वाजवून झडप घातली, रक्त आलं, तर मात्र लगेच वेगळे करा, पण पिंजरे शेजारीच ठेवा. दोघं खरंच नर आहेत का हे आधी जनावरांच्या डॉक्टरांकडून बघून घ्या.