माळेगाव यात्रा : जनावरांचा बाजार आणि घोड्यांच्या शर्यती

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, नांदेड–लातूर रस्त्यावरच्या माळेगाव येथे खंडोबाच्या नावाने भरणारी यात्रा आणि तिला लागून असलेला जनावरांचा मोठा बाजार. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या सुरुवातीस, देवस्वारी निघते. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’च्या गजरात पालखीवर बेलभंडारा आणि खोबरे उधळले जाते आणि तिथून पुढे चार-पाच दिवस यात्रा चालते. यात्रेच्या आयोजनात नांदेड जिल्हा परिषदेचा मुख्य वाटा असतो. पशुप्रदर्शन, कुस्त्यांची दंगल, लावणी, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असे बरेच काही असले तरी जुने लोक माळेगावला ओळखतात ते घोड्यांसाठी.

तिथी सोयीची आहे. तोवर खरिपाच्या राशी झालेल्या असतात, सोयाबीन आडतीवर गेलेले असते, कापसाचे चार पैसे हातात आलेले असतात आणि रब्बीची ज्वारी रानात उभी असते. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या दक्षिण भागात वेळा अमावस्या, म्हणजे येळवस, साजरी होते. रानात कोप, म्हणजे छोटी खोपी, करून पूजा करायची, भज्जी-आंबील खायची आणि माळेगाव गाठायचे, हा या भागातला ठरलेला क्रम. जनावर घ्यायला पैसा आणि सवड दोन्ही एकदमच लागतात. शेतकऱ्याकडे त्या एकत्र येतात असे दिवस वर्षातून थोडेच.

बाजारात बैल, गायी, म्हशी, शेळ्या, उंट आणि गाढवेही येतात. बैलांमध्ये इथली शान लाल कंधारी आणि देवणी या दोन जातींची. लाल कंधारी कंधार भागातली, गडद लाल रंगाची, काटक, नांगराला-वखराला चालणारी. देवणी लातूरकडची, शेतकामाला आणि दुधालाही उपयोगी. तिच्यात पूर्ण पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या तोंडाचा तो वानेरा, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेला तो शेवरा, असे तीन प्रकार जाणकार लांबूनच सांगतात. गाढवांचा बाजार कुंभार, वडार, बेलदार यांच्या कामावर उभा राहिला. माती, विटा, वाळू वाहायला गाढव लागे. भटक्या-विमुक्त जमाती इथे मोठ्या संख्येने उतरत, पालांमध्ये सोयरिकी जुळत आणि जातपंचायती बसत.

बैलाची पारख दातापासून सुरू होते. दुधाचे दात असलेला तो आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती आणि सगळे दात आले की जुळलेला. चारदाती-सहादाती बैलाला मागणी जास्त, कारण ऐन कामाची वर्षे पुढे असतात. त्यानंतर खांदा, खूर, शेपटीचा गोंडा, चालताना पाऊल कसे पडते ते पाहायचे. बैल मारका आहे का, जुवाखाली बसतो का, हे दावणीला कळत नाही. म्हणून गाडीची चाके बांधून, वर माणसे बसवून ती ओढायला लावतात. विकणारा हसत हो म्हणाला तर निम्मा सौदा तिथेच झाला.

भाव ठरतो तो बोलून नव्हे. विकणारा आणि घेणारा, किंवा दोघांच्या मधला दलाल, रुमाल, उपरणे किंवा धोतराच्या सोग्याखाली एकमेकांचे हात धरतात. एक बोट धरले की एक, दोन धरली की दोन, पूर्ण पंजा धरला की पाच. हे आकडे शेकड्याचे की हजाराचे, ते समोर उभे असलेले जनावर पाहून दोघांना आधीच कळलेले असते. भोवती वीस माणसे उभी असली तरी आकडा कोणाला कळत नाही. हात झटकला म्हणजे नापसंती, पुन्हा धरला म्हणजे बोलणी चालू. ही पद्धत फसवाफसवीची म्हणून हिणवली जाते, पण तिच्यात अडल्या शेतकऱ्याची अब्रू झाकली जाते, हेही खरे आहे. मुलीच्या लग्नासाठी बैल विकणाऱ्याने पडता भाव घेतला, तर तो शेजारच्या दावणीला कळू नये हे बरेच. सौदा पटला की इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, दिला जातो आणि पावती फाटते.

घोड्याचे गणित वेगळे. मारवाडी आणि काठेवाडी घोडे त्यांच्या आत वळलेल्या, टोकाशी जुळणाऱ्या कानांवरून ओळखू येतात. पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला वरातीसाठी मागणी. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी अजूनही चढ्या भावाने जातो. अंगावरच्या केसांचे भोवरे पाहणे हा तर स्वतंत्र अभ्यास. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसुढाळ अशुभ. पशुवैद्यकाच्या दृष्टीने याला आधार नाही, पण भोवरा वाईट निघाला की धडधाकट घोड्याचाही भाव पडतो. म्हणूनच लगाम धरणारा माणूस घोड्याची कोणती बाजू गिऱ्हाइकाकडे ठेवतो, तेही पाहण्यासारखे असते.

शर्यत या बाजाराचाच भाग आहे. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचे घोडे आखीव गोल धावपट्टीवर पळतात. तिथे नोंदणीकृत जॉकी असतो, बक्षिसाची रक्कम जाहीर असते. जत्रेतली दौड मोकळ्या माळावर, सरळ रेषेत, देशी घोड्यांची. स्वार बहुधा हलक्या अंगाचा पोरगा, कधी खोगिराशिवाय बसलेला. पाहणाऱ्यांत दोन गट पडतात. चौखूर उधळलेला वेग पाहणारे एक आणि रवाल, म्हणजे घोड्याची संथ एकसारखी चाल, पाहणारे दुसरे. रवाल चालीत स्वाराचे अंग हलत नाही आणि जाणते लोक तिलाच जास्त मोल देतात. दौड संपल्यावर घोडा किती धापा टाकतो, किती वेळात शांत होतो, याकडे गिऱ्हाइकाचे लक्ष असते. मालकाला बक्षिसाच्या ढालीपेक्षा महत्त्वाचे असते ते संध्याकाळी तंबूपाशी जमणारे गिऱ्हाईक.

घोड्यांवरचा हा जीव खंडोबाशी जोडलेला आहे, कारण हा देव घोड्यावर बसणारा. घोडा हे मराठवाड्यात शेतकामाचे जनावर कधीच नव्हते. तो पाटील-देशमुखांच्या दारातला, पुढे वरातीतला, आणि आता हौसेचा. बैलाला ट्रॅक्टर पर्याय ठरला, हौसेला पर्याय नसतो. तरी आकडे घसरणीचेच आहेत. 2019 च्या पशुगणनेत देशातील घोडे व तट्टे सुमारे 3.4 लाख भरली, 2012 च्या तुलनेत सुमारे 45 टक्के कमी. गाढवे सुमारे 61 टक्क्यांनी घटून 1.2 लाखांवर आली.

बैलबाजाराला कायद्यांनीही हलवले. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्रात अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याची कायदादुरुस्ती ग्राह्य धरली. त्यानंतर शंकरपटाच्या खोंडांचे भाव वधारले. उलट मार्च 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली आणि थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळेनासे झाले. जुना बैल विकून, वर थोडी भर घालून नवा घ्यायचा, ही साखळी तुटली. बाजार रोडावण्यात ट्रॅक्टरइतकाच या तुटलेल्या साखळीचा हात आहे, पण त्याची चर्चा कमी होते.

2022 मध्ये लम्पी त्वचारोगामुळे शासनाने गुरांचे बाजार बंद ठेवले. हा रोग गाय-म्हैसवर्गातला, त्यामुळे घोड्यांना त्याची झळ नव्हती. घोड्यांत भीती ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची असते, कारण तो माणसालाही होतो. त्यासाठी रक्ततपासणी केली जाते. गुरांच्या खरेदी-विक्रीला आता कानातला बारा आकडी बिल्ला लागतो.

मराठवाड्यात बैलांसाठी उदगीरजवळचा हाळी-हंडरगुळीचा बाजारही नावाजलेला आहे. तिथला व्यवहार मुख्यतः बैलजोड्यांचा.